गळा आणि गाव

बीड जिल्ह्यातल्या माजलगावात भीमनगर नावाची वस्ती आहे. १९९६ साली तिथल्या बायकांनी गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. जात्यावर पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला, अशा क्रमाने वाहत जायची रीत फार जुनी. एरवी तो क्रम देवाधर्माचा, आईबापाचा, भावाचा. भीमनगरच्या बायकांनी रीत तीच ठेवली, चाल तीच ठेवली आणि मान बाबासाहेबांना दिला, बुद्धाला दिला. कागदावर वाचताना हा बदल लगेच कळतो, पटतो, आणि आपण पान उलटतो. ध्वनिमुद्रण ऐकताना मात्र पान उलटता येत नाही. बाबासाहेबांच्या नावापाशी आवाज वर चढतो, तिथे क्षणभर टिकतो, मग सोबतिणी ते नाव उचलतात. एका माणसाने एका वस्तीचं जगणं किती बदललं, ते त्या टिकलेल्या सुरात आहे. ते शब्दांत उतरवून घ्यायची सोय नाही.

ही ध्वनिमुद्रणं ज्या कामातून झाली, त्याला आपण मराठी वाचकांनी द्यायला हवं होतं तेवढं लक्ष दिलेलं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी १९८० साली पुण्यात सामाजिक शास्त्रांतल्या सहकारी संशोधनासाठी एक केंद्र सुरू केलं. प्वातवाँ मूळचे फ्रान्सचे. १९७०च्या दशकात पुण्यात आले, इथलेच झाले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. दोघांचं काम मावळ-मुळशीच्या डोंगरी भागात, गरीब डोंगरी संघटनेच्या माध्यमातून चाले. बायकांच्या बैठका व्हायच्या, त्यांत हक्काच्या, पाण्याच्या, मजुरीच्या गोष्टी निघायच्या. बोलता बोलता एखादी बाई ओवीच म्हणून टाकायची, कारण जे सांगायचं ते तिथे आधीच नेमकं सांगून झालेलं असे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून राईरकर-प्वातवाँ यांनी ओव्या गोळा करायला घेतल्या. हे काम वाढत वाढत १,१०,०००हून अधिक ओव्यांपर्यंत गेलं. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया. जवळजवळ सगळा महाराष्ट्र आणि कर्नाटकातली मोजकी गावं. जगात कुठेही एका भाषेतल्या, एकाच कष्टाच्या गाण्यांचा एवढा साठा सहसा सापडायचा नाही.

त्यांच्या आधी कुणी ओव्या जमवल्याच नव्हत्या असं नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या मायेने जपल्या. कमलाबाई देशपांडे, दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांनी तर या वाङ्मयासाठी आयुष्यातली वर्षं खर्ची घातली. त्यांचं ऋण मोठं आहे, आणि त्यांच्या हाती वही-पेन्सिलीखेरीज फारसं काही नव्हतं हेही खरं. पण बहुतेक संग्रहांत ओवीखाली गाणारीचं नाव क्वचितच येतं. ओवी विषयवार लागते: माहेर, सासर, भाऊ, पंढरी. ती कुठल्या गावच्या, कुठल्या जातीच्या, कोणत्या वयाच्या बाईने म्हटली, हे बाजूला राहतं. वाचणाऱ्याची अशी समजूत होते की हे सगळं ‘लोकां’नी रचलं आहे, म्हणजे कुणी एकीने रचलेलं नाही. राईरकर-प्वातवाँ यांच्या पद्धतीत प्रत्येक ओवीला गाव, तालुका आणि गाणारीचं नाव जोडलं गेलं. मला या कामातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, संख्येपेक्षाही मोठी.

आता कागदावर काय राहतं आणि काय गळतं, ते जरा जवळून पाहू. छापलेली ओवी दोन ओळींची. सवडीने वाचली तरी आठ-दहा सेकंदांत संपते. तीच ओवी गाताना बाई पहिली ओळ अर्धी म्हणते, थांबते, तोच अर्धा भाग पुन्हा घेते. मध्ये ‘ग बाई’ येतं, ‘अन्’ येतं, ‘अशी’ येतं, ‘सांगते तुला’ येतं. मग उरलेली अर्धी ओळ. मग दुसरी ओळ सुरू होते, पण शेपटाला पहिलीतला एखादा शब्द परत येतो. संपादक ही भर काढून टाकतात, कारण छापताना ती अडगळ वाटते. गाण्यात ती अडगळ नसते. त्या ‘ग बाई’वर जात्याचा फेरा पुरा होतो. त्या अवकाशात समोरची बाई श्वास घेते. गाणारीला पुढची ओळ सुचायलाही तेवढीच फुरसत मिळते. कधी अर्धी ओवी एकीने टाकायची आणि उरलेली दुसरीने झेलायची, असंही चालतं. छापील पानावर ती दोघींची ओवी एकीची होऊन बसते. आणि चाल. बायका चालीला ‘गळा’ म्हणतात. अमकीचा गळा निराळा, माझ्या माहेरचा गळा निराळा, असं सहज बोलतात. सासरी आल्यावर इथला गळा शिकले, हेही सांगतात. लग्न होऊन बाई गाव बदलते तेव्हा तिच्याबरोबर एक चाल शीव ओलांडते. कुठली चाल कुठून कुठे गेली, याचा शोध लावायचा तर आवाजच हवा. शब्दांच्या मापावरून तो लागायचा नाही.

मावळातल्या एका घरी हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पडवीत भिंतीशी जातं होतं, वर पोत्यांची चळत. आजींना म्हटलं, एखादी ओवी म्हणा. त्यांनी पदर नीट केला, समोर पाहिलं, शेजारच्या काकूंकडे पाहिलं आणि हसल्या. काही येईना. “अशी बसून कशी म्हनू? हातात खुंटा पायजे,” म्हणाल्या. मग पोती हलली, जातं पुसून झालं. रिकामं जातं फिरवू नये म्हणून सून ओंजळभर तांदूळ घेऊन आली. आजी एक पाय लांब करून, एक दुमडून बसल्या, समोर काकू. दोघींचे हात एका खुंट्यावर, एकीची मूठ वर, एकीची खाली. जात्याच्या तोंडात दाण्याची वैरण टाकली. पहिले काही फेरे दगडाने खडखड केली, मग दाणा सापडला आणि आवाज खाली उतरून भरदार झाला. तेवढ्यात आजींनी सुरुवात केली. मघाशी एकही ओळ न आठवणारी बाई न थांबता गात राहिली: आधी जात्याला, मग पंढरीला, मग एका गेलेल्या बहिणीला. तिथे काकूंनी गाणं उचललं, कारण आजींचा आवाज भरून आला होता. हात मात्र दोघींपैकी एकीचाही थांबला नाही.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याने इथे काय करावं, याचं उत्तर त्या पडवीतच होतं. माइक गाणारीच्या तोंडापाशी नेला तर जातं नुसती पार्श्वभूमी होतं. जात्यापाशी ठेवला तर दगड सगळं गिळतो. दोघींच्या मधोमध, हाताच्या उंचीवर धरला की बांगड्या, दाण्याचा चुरा, दोन श्वास आणि गाणं हे सगळं आपापल्या जागी ऐकू येतं. त्या घरासमोरून टमटम गेली, कोंबडी ओरडली, लांबून गिरणीच्या पट्ट्याचा आवाज येत होता. हे आवाज काढून टाकायची आज सोपी साधनं आहेत. ती वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. ज्या गिरणीने जातं बंद पाडलं, त्या गिरणीचा आवाज त्याच ध्वनिमुद्रणात राहणं हा त्या गावाचा इतिहास आहे.

नुसते शब्द ठेवायचे की बोलणाऱ्याचा आवाजही, हा प्रश्न विसाव्या शतकात जगात इतर ठिकाणीही आला होता. इंग्लंडमध्ये १९५७ साली जॉन अॅक्सन नावाचा रेल्वे इंजिनचालक वाफेचा ब्रेक निकामी झालेल्या गाडीवर शेवटपर्यंत थांबला आणि त्यात गेला. बीबीसीचे निर्माते चार्ल्स पार्कर आणि गायक-लेखक इव्हान मॅकॉल त्याच्या सहकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन आले. त्या काळची पद्धत अशी की कामगारांचं बोलणं लिहून काढायचं आणि रेडिओवर ते नटांनी वाचायचं. मॅकॉलने टेपा ऐकल्या आणि ठरवलं की हे बोलणं दुसऱ्या कुणाच्या तोंडी द्यायचं नाही. पेगी सीगर यांच्या संगीतासह, खुद्द इंजिनवाल्यांच्या आवाजातला तो कार्यक्रम जुलै १९५८मध्ये प्रसारित झाला. पुढे याच मंडळींनी रस्ते बांधणारे, मासेमार, खाणकामगार यांच्यावर अशी मालिका केली. ध्वनी-माहितीपट या प्रकाराला त्या मालिकेने बळ दिलं, कारण तिने एक गोष्ट पक्की केली: बोलणाऱ्याचा स्वर, अडखळणं, गावाची बोली हाच मजकूर आहे. महाराष्ट्रात आपण नेमकी उलट वाट धरली होती. बाईची ओवी घ्यायची, शुद्धलेखनाने नीट करायची आणि अभ्यासक्रमात लावायची.

राईरकर-प्वातवाँ यांच्याकडेही सुरुवातीला भर लिहून घेण्यावरच होता. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर आले आणि कामाला आवाज मिळाला. बेल हे फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत अभियंता होते. संगणक आणि संगीत हा त्यांचा विषय. त्याआधी जिम आर्नल्ड यांच्याबरोबर त्यांनी मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत रागसंगीतातल्या स्वरस्थानांची मोजदाद करणाऱ्या यंत्रावर काम केलं होतं. उस्तादांच्या मींडेचा आलेख काढणारा माणूस मराठवाड्यातल्या वस्त्यांवर गेला आणि जात्यासमोर तेवढ्याच आदराने बसला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. लोकसंगीत म्हटलं की आपल्याकडे कसं तरी चालतं, कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही गोंगाटात. बेल यांनी ते चालू दिलं नाही. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं आणि ओव्यांच्या मजकुरासह त्याची संगणकीय सूची तयार झाली.

इथे एक साधा हिशेब मांडतो. १२० तास म्हणजे ७,२०० मिनिटं. एका ओवीला अर्धं मिनिट धरलं तरी सुमारे १४-१५ हजार ओव्या होतात, आणि बायका मध्ये थांबतात, बोलतात, दुसऱ्यांदा म्हणतात, ते वेगळंच. म्हणजे १,१०,०००पैकी फार मोठा भाग आजही फक्त शब्दांत आहे. त्यांच्या गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणी आता नाहीत. त्यांचा गळा कसा होता, हे आता त्यांच्या लेकी-सुनाच सांगू शकतील, तेही ऐकून पाठ असेल तर. हा हिशेब वाचून कुणाला घाई वाटली तर मला ते हवंच आहे.

प्वातवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. असं मोठं काम करणारी माणसं गेली की साठ्याचं काय होतं, याचा अनुभव महाराष्ट्राला पुरेपूर आहे. कपाटं बंद होतात, किल्ली सापडत नाही, टेपांना बुरशी येते. माझ्या ओळखीतल्या एका घराण्याच्या कीर्तनांच्या टेपा अशाच एका नामवंत संस्थेत गेल्या आणि परत ऐकायला मागितल्या तेव्हा कुणाला पत्ता सांगता येईना. ओव्यांच्या बाबतीत तसं झालं नाही, याचं एक कारण म्हणजे हा साठा वेळेवर योग्य हाती गेला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ साली संगीताच्या ध्वनिमुद्रणांसाठी एक अभिलेखागार सुरू केलं होतं. ते आधी पुण्यात होतं, मग दिल्लीला आणि पुढे गुरुग्रामला गेलं. ओव्यांची ध्वनिमुद्रणं तिथे जतन झाली.

दुसरं कारण पत्रकार पी. साईनाथ यांनी उभं केलेलं ग्रामीण भारताचं ऑनलाइन भांडार, ‘पारी’. त्यांनी हा साठा घेऊन ८ मार्च २०१७पासून तो ओवी-ओवीने लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. नमिता वाईकर आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी, त्यांत हेमाताईंबरोबर काम केलेले जितेंद्र मैडही होते, केवळ जुनी ध्वनिमुद्रणं चढवली नाहीत. जुन्या नोंदी घेऊन ते गावं गाठत राहिले. ज्या बायका हयात होत्या त्यांना भेटले, पुन्हा ऐकलं, फोटो काढले. मुळशी तालुक्यातल्या कोळवड्याच्या खडकवाडीत, नांदगावात अशा भेटी झाल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मराठी श्रोत्यांपर्यंत याच मार्गाने पोहोचला. त्यांच्या आवाजात एक कातर ताण आहे, सूर जरा वर लागला की तो फाटायच्या बेताला येतो आणि फाटत नाही. प्रशिक्षित गळ्याला हे शिकवता येत नाही.

परत जाण्याचं हे काम बंगालमध्येही झालं आहे. डच अभ्यासक आर्नल्ड बाके यांनी १९३०च्या दशकात तिथे मेणाच्या नळ्यांवर गाणी उतरवून घेतली होती. गायिका मौसुमी भौमिक आणि ध्वनिमुद्रक सुकांत मजुमदार यांनी ती गाणी पुन्हा त्या त्या मुलखात नेऊन ऐकवली. परदेशातल्या कपाटातला आवाज मूळ गावात वाजला की लोक कान देतात, दुरुस्त्या सांगतात, आपल्या आठवणीतलं गाणं पुढे जोडतात. साठा तेव्हाच वाढतो.

पण परत नेताना जपायचंही आहे. जात्यावरची वेळ पहाटेची, घरातले पुरुष झोपेत असतानाची. दिव्याचा उजेड, दोघी-तिघी बायका, आणि दगडाचा आवाज एवढा की पलीकडच्या खोलीत शब्द धड जाऊ नये. म्हणूनच दारूड्या नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, दुसऱ्या बायकोबद्दल, मूल नसण्याबद्दल बाई तिथे बोलली. घराचं बोलणं होतं ते. गावासमोर म्हणायचं नव्हतं. अशा ओव्या बाहेर आणताना गाणारीला नीट विचारायला हवं: ही ओवी ऐकवू का, नाव लावू का, कुणाला ऐकवू? पुष्कळ बायका नाव लावा म्हणतात, आणि अभिमानाने म्हणतात. एखादी नको म्हणते. दोन्ही उत्तरं सारखीच पाळली पाहिजेत. मावळातल्या आजींच्या त्या बहिणीवरच्या ओव्या माझ्याकडे आहेत. त्यांनी त्या घरापुरत्या ठेवायला सांगितल्या, म्हणून त्या फक्त त्यांच्या घरी दिल्या आहेत, कुठे लावलेल्या नाहीत.

दुसरी जपणूक रंगमंचापासून. ओवी आता कार्यक्रमांत गातात. शिकलेला गोड आवाज, बासरी, तबला, मागे पडद्यावर जात्याचं चित्र. ज्यांना आवडतं त्यांना आवडो, पण तिथे ओवीची लय मोडते. जात्याचा फेरा घड्याळासारखा सारखा नसतो. दाणा भरपूर असेल तर हात जड होतो, वैरण संपत आली की फेरा हलका आणि जलद होतो. पीठ बारीक हवं की भरड, त्यावरही वेग ठरतो. गाणं या सगळ्याबरोबर सैल होतं, आवळतं. तबल्याच्या ठेक्यात बसवलं की श्रम निघून जातात आणि उरतं ते गोड दुःख. ते दुःख ऐकून आपण हळहळतो आणि घरी जातो. भीमनगरच्या बायकांचं गाणं हळहळण्यासाठी नव्हतं.

हे आवाज गावात कसे पोहोचवायचे, याला एक चांगली वाट आहे. २००६ साली केंद्र सरकारने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा दिली. १०० वॉटचा प्रक्षेपक, ३० मीटरपर्यंतचा मनोरा, दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर. महानगरातल्या वाहिनीच्या मानाने हे काहीच नाही. ओवीसाठी मात्र हेच माप बरोबर आहे. दहा-पंधरा किलोमीटर म्हणजे लेक दिली ती गावं, बाजाराचं गाव, जत्रेचं गाव. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ सालापासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालू आहे आणि तिथल्या बायका स्वतः माइकवर बोलतात. अशा केंद्रावर त्याच परिसरातल्या ओव्या, गाणारीचं पूर्ण नाव आणि गाव सांगून, न कापता लावाव्यात. मध्ये निवेदन कमी असावं. ओवी संपल्यावर फोन खुला ठेवावा. एखादी बाई सांगेल, ही माझी आत्या; दुसरी सांगेल, पुढची ओवी राहिली, मी म्हणते. ती तिथेच मुद्रित करून घ्यावी. शब्दांतच राहिलेल्या हजारो ओव्यांना आवाज मिळवायचा याहून जवळचा मार्ग मला दिसत नाही.

जिथे रेडिओ केंद्र नाही तिथे शाळा आहे. कुठल्या गावच्या, कुणाच्या किती ओव्या साठ्यात आहेत, हे सूचीत गाववार आहेच. ती यादी त्या त्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला गेली, तर आठवी-नववीच्या मुली आपल्या गल्लीतून सुरुवात करू शकतील: यादीतलं नाव घ्यायचं, घर शोधायचं, जुनं ध्वनिमुद्रण असेल तर ते मोबाइलवर ऐकवायचं, नवं करून घ्यायचं. काम मुळशीपासून सुरू करता येईल. तिथली वाड्या-वस्त्यांची अंतरं थोडी आहेत, आणि २०१७ नंतरही तिथल्या काही जणी माइकसमोर बसून गायल्या आहेत.